मंडळी बदलण्याआधी एक प्रार्थना बाकी आहे

पत्राचा सारांश: पिंपरी-चिंचवडमध्ये राहणाऱ्या, बँकेत नोकरी करणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या एका भगिनीचं हे पत्र. माहेर नगर जिल्ह्यातलं, तीन-चार पिढ्यांचं ख्रिस्ती घर. तान्हेपणी बाप्तिस्मा, शाळेत असताना दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्याचा विश्वास स्वतः जाहीरपणे पक्का करण्याचा विधी, लग्नही चर्चमध्येच. आज त्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीच्या सभासद आहेत आणि पती मंडळीच्या कमिटीवर आहेत. दर रविवारी सहकुटुंब उपासनेला जातात, पण ‘प्रभुभोजनाला गुडघे टेकते तेव्हा डोक्यात उद्याचा डबा असतो’ असं त्या लिहितात. ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर त्या एका फेलोशिपच्या शुक्रवारच्या सभेला जाऊ लागल्या. लोक तिथे हात वर करून, रडून प्रार्थना करत होते, आणि यांनाही रडू आलं. आता तिथले पास्टर म्हणतात, तान्हेपणीचा बाप्तिस्मा खरा नव्हे, तुमचा नवा जन्म झालेला नाही, पाण्यात उतरून बाप्तिस्मा घ्या. बायबलच्या शेवटच्या पुस्तकातल्या, प्रकटीकरणातल्या, ‘कोमट’ (ना थंड ना गरम) मंडळीवरचा त्यांचा संदेश ऐकल्यापासून या धास्तावल्या आहेत. पती म्हणतात, चारचौघांत आमची शोभा होईल. सासूबाईंनी बोलणं टाकलं आहे. ‘मी नुसती नावाची ख्रिस्ती आहे. तिकडे गेले तर माझा विश्वास खरा होईल का?’ असा त्यांचा प्रश्न आहे. आणि अगदी शेवटी, सहीच्या वर, हे लिहिलेलं आहे: ‘दोन वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ गेला. आम्ही सगळ्यांनी उपास-प्रार्थना केली होती. त्यानंतर मी स्वतःहून कधी प्रार्थना केलेली नाही.’

ताई, सप्रेम जय ख्रिस्त.

तुमच्या पत्रात बाप्तिस्म्याबद्दल चार पानं आहेत आणि भावाबद्दल तीन वाक्यं. मी उत्तर त्या तीन वाक्यांपासून सुरू करते, कारण माझ्या मते तुमचं खरं पत्र तेवढंच आहे.

‘त्यानंतर मी स्वतःहून कधी प्रार्थना केलेली नाही,’ असं तुम्ही लिहिता. म्हणजे त्याआधी करत होतात. भाऊ आजारी असताना उपास धरलात, रात्र-रात्र मागणं मागितलंत. नावापुरत्या ख्रिस्ती माणसाला हे सुचत नाही. तुम्ही स्वतःला जे नाव लावून घेतलं आहे ते मला मान्य नाही. मला पत्रातून दिसते ती देवाशी अबोला धरलेली एक बहीण. ज्याच्याकडून काही अपेक्षाच नव्हती त्याच्याशी माणूस अबोला धरत नाही.

या अबोल्यात रविवार चुकला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तुम्ही त्याला ढोंग म्हणता. मला वाटतं, बोलायला शब्द उरले नव्हते तेव्हाही तुम्ही उठून गेला नाहीत, तिथेच बसून राहिलात.

आता एक उतारा मुद्दाम वाचा: योहानाच्या शुभवर्तमानाचा ११वा अध्याय. तुम्हाला तो पाठ असेल, तरी या वेळी मार्था आणि मरिया यांच्या बाजूने वाचा. भाऊ आजारी आहे म्हणून त्या निरोप धाडतात. निरोप पोचतो. येशू लगेच निघत नाही, आणखी दोन दिवस तिथेच राहतो. तो पोचतो तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेले असतात. मार्था सामोरी जाते आणि पहिलंच वाक्य म्हणते, ‘प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता.’ थोड्या वेळाने मरिया येते. तीही त्याच्या पायाशी पडून हेच म्हणते. दोघी बहिणींचं एकच गाऱ्हाणं, आणि शुभवर्तमान लिहिणाऱ्याने ते दोन्ही वेळा लिहून ठेवलं आहे. येशू त्यांना ‘असं बोलू नये’ म्हणत नाही. ‘तुमचा विश्वास कमी पडला’ असंही म्हणत नाही. तो रडतो.

पुढे लाजर उठतो, तुमचा भाऊ उठला नाही. हा फरक मी झाकणार नाही. उपास-प्रार्थना करूनही तो का गेला, याचं उत्तर माझ्यापाशी नाही, आणि कोणी ‘माझ्यापाशी आहे’ म्हणालं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. मला सांगायचं आहे ते इतकंच की मार्थेचं वाक्य ही प्रार्थना आहे. तुमच्या ओठांवर दोन वर्षं तेच अडून आहे. ते आत ठेवून तुम्ही स्तुतिगीत म्हणायला जाता, मग गीत घशाखाली उतरत नाही आणि तुम्ही समजता की आपल्यात विश्वासच नाही.

आपल्या मंडळ्यांमध्ये लेकरांना आभाराची प्रार्थना शिकवतात, क्षमेची शिकवतात. गाऱ्हाण्याची कोणी शिकवत नाही. मयताच्या घरी जमलेले लोक ‘देवाची इच्छा’, ‘देवाला चांगली माणसं आवडतात’ असं बोलून मोकळे होतात आणि ज्याचं माणूस गेलं त्याला मान डोलवावी लागते. मला याचं मनापासून दुःख आहे. स्तोत्रसंहितेत कितीतरी स्तोत्रं निव्वळ गाऱ्हाणी आहेत. १३वं स्तोत्र ‘कुठवर मला विसरणार’ असं देवाला विचारूनच सुरू होतं. ८८वं तर अंधारातच संपतं, शेवटी सांत्वनाचा एक शब्दही नाही, तरी कोणी ते पवित्र शास्त्रातून काढून टाकलं नाही. आणि आपण मराठी माणसं! तुकोबा विठोबाशी किती भांडले, जनाबाईने त्याला किती शिव्या दिल्या. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो असं ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक म्हणत. त्या पुलावर हे भांडणही होतंच.

म्हणून मंडळी, पास्टर, बाप्तिस्मा यांतलं काहीही ठरवण्याआधी ही एक प्रार्थना करा. घरात कोणी नसेल तेव्हा दार लावून बसा. भावाचं नाव मोठ्याने घ्या. तो शेवटचं काय बोलला, दवाखान्यात काय झालं, तुम्ही काय मागितलं होतं आणि काय मिळालं नाही, ते प्रभूला स्पष्ट सांगा. बोलता आलं नाही तर वहीत लिहा. शेवटी ‘आमेन’ म्हणायची घाई नको. रडू आलं तर येऊ द्या, राग आला तर तोही. हे एकदा करून भागणार नाही, पण पहिली वेळ सगळ्यात कठीण असते.

आता शुक्रवारच्या सभेकडे येऊ. तिथे आलेलं रडू खोटं नव्हतं. पण ते कशाचं होतं, हे तुम्ही स्वतःला विचारलं आहे का? आपल्या चर्चमध्ये तुम्ही कमिटी-मेंबरच्या पत्नी आहात, ओळखीचे डोळे आहेत, पदर सावरून बसावं लागतं. तिथल्या हॉलमध्ये तुम्हाला कोणी ओळखत नव्हतं आणि रडायला परवानगी होती. मला दाट शंका आहे की ते भावाचं रडू होतं. तसं असेल तर त्या लोकांचे उपकारच माना. पण त्या रडण्यावरून ‘इथे देव आहे, तिथे नव्हता’ असा निष्कर्ष काढू नका.

भावनेच्या भरतीला आपण विश्वासाचं माप समजतो. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळलं की कलकत्त्यातल्या कामाच्या बहुतेक वर्षांत त्यांना देवाची जवळीक जाणवलीच नव्हती, आत अंधारच होता. त्या अंधारातही त्या पहाटे प्रार्थनेला बसत आणि मग रस्त्यावर पडलेल्यांकडे जात. त्यांना अर्धवट ख्रिस्ती म्हणण्याची माझी तयारी नाही. तुमचीही नसावी.

‘कोमट’ या शब्दाने तुम्ही घाबरला आहात. प्रकटीकरणाचा ३रा अध्याय त्या पास्टरांनी वाचला, पण तो पुढेही वाचायला हवा. लावदिकीयाच्या मंडळीला लिहिलेल्या त्याच पत्रात, काही ओळींनंतर, ‘पाहा, मी दाराशी उभा आहे व ठोकत आहे’ हे वचन येतं. आपण ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाहतो आणि अविश्वासणाऱ्यांसाठी आहे असं समजतो. ते कोमट मंडळीलाच सांगितलं आहे. ज्यांना तो ओकून टाकीन म्हणाला, त्यांच्याच दाराशी उभा राहून, आत येऊन जेवण्याची गोष्ट तो करतो.

तरीही तुमची ओढ मला खोटी वाटत नाही. जे मिळालं आहे त्याहून अधिक काही आहे, असं तुम्हाला वाटतं. बरोबरच वाटतं. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. संस्कृत शास्त्रं कोळून प्यायलेली, विचार करून पाऊल टाकणारी ही बाई. तिने पुढे आपल्या साक्षीत लिहून ठेवलं की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. म्हणजे १८९१ च्या सुमाराची गोष्ट. तोवर शारदा सदन सुरू होऊन दोन वर्षं झाली होती, विधवा मुली शिकत होत्या, टीकेचा भडिमार चालू होता. सगळं सोडून डोंगरावर जाऊन तिला हा शोध लागलेला नाही. कामाच्या रगाड्यात, बायबल वाचता वाचता लागला. आणि त्यानंतर काय झालं ते पाहा. १८९६-९७ च्या दुष्काळात ती मध्य प्रांतात गेली आणि शेकडो उपाशी मुलींना घेऊन आली. केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. उतारवयात मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणायला ती बसली आणि १९२२ मध्ये डोळे मिटेपर्यंत त्याच कामात राहिली. पूर्ण आध्यात्मिक आयुष्य म्हणतात ते मला तिथे दिसतं. आतला शोध आणि मुलींच्या ताटातली भाकरी तिने कधी वेगळी केली नाही.

टिळकांचंही तसंच. बाप्तिस्मा १८९५ चा, आणि मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्ताच्या अनुयायांचा मेळा मांडला तो १९१७ मध्ये. मधली बावीस वर्षं वाया गेली होती का? आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तर नवऱ्याच्या बाप्तिस्म्याने उद्ध्वस्त झालेली बाई. आधी त्यांच्या मनातून जातीचा विटाळ गेला, कोणाच्याही हातचं पाणी चालू लागलं, आणि बाप्तिस्मा त्याच्यानंतर, १९०० मध्ये. ज्याच्या त्याच्या वाटेला आपापला वेळ लागतो. तारीख-वार सांगता येत नाही म्हणून तुमचा नवा जन्म झालाच नाही, हे मला पटत नाही.

बाप्तिस्म्याबद्दल माझं मत स्पष्ट सांगते. तान्ह्या बाळाला द्यावा की जाणत्या माणसाने घ्यावा, हा वाद आजचा नाही, १५२५ पासून युरोपात त्यावरून माणसं मारली गेली आहेत. तुमच्या मंडळीने मात्र त्यातून एक सुंदर वाट काढली आहे आणि ती तुमच्या घरातही कोणाला माहीत नसावी असं दिसतं. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन सीएनआय झाली. त्यांत बाळांना बाप्तिस्मा देणाऱ्या होत्या आणि केवळ जाणत्यांनाच देणाऱ्या बॅप्टिस्टही होत्या. १९२९ पासून बोलणी चालली होती. शेवटी दोन्ही रीती मान्य करून सगळे एका छपराखाली आले, पण एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा द्यायचा नाही, हे ठरलं. म्हणजे शुक्रवारच्या पास्टरांचा प्रश्न तुमच्या वाडवडिलांनी चाळीस वर्षं चर्चिलेला आहे. तुमच्या पाळकसाहेबांकडे जाऊन हा विषय काढा. ते रागावतील असं धरून चालू नका. सभासद प्रश्न घेऊन दारात यावा म्हणून कितीतरी पाळक वाट पाहत असतात.

माझा सल्ला आहे, वर्षभर पाण्यात उतरू नका. बाप्तिस्मा दुःखावरचा उपाय नाही. आज घेतलात तर काही महिने बरं वाटेल आणि मग एका रविवारी, किंवा शुक्रवारी, पुन्हा डोक्यात डबा येईल. तेव्हा तुम्ही म्हणाल, हाही खरा नव्हता. वर्षभर वाचून, विचारून, प्रार्थना करून तुमची विवेकबुद्धी तेच सांगत राहिली, तर निर्णय तुमचा. ‘शोभा होईल’ हे पतींचं कारण मला पुरेसं वाटत नाही. बायकोचा विश्वास म्हणजे नवऱ्याच्या कमिटीतल्या खुर्चीचा पाया नव्हे, आणि हे त्यांना शांतपणे सांगायचा तुम्हाला हक्क आहे.

त्या फेलोशिपकडेही डोळे उघडे ठेवून पाहा. दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, दिला नाही तर शाप लागेल अशी भीती घालतात का? औषधं बंद करायला सांगतात का? घरच्यांशी संबंध तोडायला लावतात का? आणि तुमच्या भावाबद्दल कळल्यावर ‘विश्वास कमी पडला म्हणून गेला’ असं कोणी म्हणालं, तर त्याच क्षणी पर्स उचलून बाहेर पडा. यांतलं काही नसेल, माणसं प्रेमळ असतील, वचन नीट शिकवत असतील, तर शुक्रवारी जाण्यात मला काही वावगं दिसत नाही. रविवारी आपल्या मंडळीत आणि मधल्या वारी दुसरीकडे बायबल अभ्यासाला जाणारे पुष्कळ आहेत.

रोजचं काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण इथेच सगळं टिकतं किंवा सुटतं. अशी पत्रं वसईच्या कॅथलिक घरांतूनही येतात, आणि ज्यांना तुमच्यासारखी जखम नाही, नुसता कंटाळा आहे, त्यांचीही येतात. त्यांनीही हे वाचावं. पहाटे चारला उठून तासभर प्रार्थना करण्याचा संकल्प करूच नका. तो आठवडाभर चालतो आणि मोडला की अपराधीपणा वाढतो. मार्काचं शुभवर्तमान घ्या, सोळा अध्याय आहेत, रोज एक. मोठ्याने वाचा, निदान ओठ हलतील इतकं. संदेश शोधायची, वहीत मुद्दे काढायची गरज नाही. येशू काय करतो, कोणाजवळ थांबतो, कोणावर चिडतो, एवढंच पाहा. ९व्या अध्यायात आजारी मुलाचा बाप म्हणतो, ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.’ दोन्ही एकाच दमात. येशूने त्याला आधी विश्वास पूर्ण करून ये म्हणून परत पाठवलं नाही.

रात्री झोपण्याआधी पाच मिनिटं दिवस आठवा. सोळाव्या शतकात संत इग्नाती लोयोलांनी आपल्या सोबत्यांना ही सवय लावली, आणि ती कोणत्याही मंडळीच्या माणसाला जमण्यासारखी आहे. आज कुठे कृतज्ञ वाटलं, कुठे मी कोणाला दुखावलं, कुठे देव जवळ वाटला किंवा मुळीच वाटला नाही, आणि उद्या कशासाठी मदत हवी. एवढंच. सासूबाईंचा अबोला, काउंटरवर ओरडलेला ग्राहक, पोराचे मार्क, सगळं त्यात आणा.

प्रभुभोजनाच्या वेळी डबा आठवतो याची लाज सोडा. तिथे आपण भाकरी मोडूनच त्याची आठवण करतो. डबा डोक्यात आला की तो ज्याच्यासाठी भरायचा त्याचं नाव घ्या आणि मनात म्हणा, प्रभू, यालाही पोस. तुमची प्रार्थना सुरू झाली.

आणि एक माणूस शोधा. तुमच्याच मंडळीत गेल्या वर्षा-दोन वर्षांत कोणाचं तरी माणूस गेलं असेल. महिला मंडळाच्या भेटीबरोबर नको, एकट्या जा. वचन सांगायला जाऊ नका, चहा घ्या आणि गेलेल्या माणसाबद्दल विचारा. तुम्हाला कोणी विचारलं नाही, म्हणून ते कसं विचारावं हे तुम्हालाच सगळ्यात चांगलं कळेल. रमाबाईंचं वाचून मला पुन्हा पुन्हा हेच जाणवतं की ख्रिस्ताची ओळख वाढते ती अशा घरांत बसल्यावर.

झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, दोन वर्षांनीही सकाळी उठवत नसेल, तर समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. त्याने विश्वासाला कमीपणा येत नाही. भावासाठी प्रार्थना करतानाही तुम्ही डॉक्टर सोडला नसेलच.

सासूबाईंशी बोलणं तुम्हीच सुरू करा, पण बाप्तिस्म्यावरून नको. त्यांच्या वयाच्या बाईने बरीच माणसं पोचवलेली असतात. तेव्हा देवाशी काय बोललात, असं त्यांना विचारा. पतींना हे पत्र आणि माझं उत्तर दोन्ही वाचायला द्या. मेव्हण्याच्या मरणानंतर तुमची प्रार्थना थांबली, हे त्यांना माहीत तरी आहे का, कोण जाणे. शुक्रवारी जायचं असेल तर त्यांना सांगून जा, जमलं तर एकदा बरोबर न्या. बाप्तिस्म्याची तारीख मात्र सध्या कोणालाही देऊ नका. वर्षाने मला पुन्हा लिहा, निर्णय कोणताही झालेला असो.